सुकं पाठवा, ओळख घालून

काका चिडले की 'आपण'वर यायचे. एरवी सगळ्या जगाला अरे-तुरे, कॉम्प्युटरलासुद्धा. सकाळी "ऊठ रे बाबा" म्हणून त्याचं बटण दाबायचे आणि दुपारी तो अडून बसला की "आता आपण चालण्याची कृपा करता का?" इथपर्यंत मजल गेलेली असायची. काका आपण-आपण करायला लागले की समजदार माणूस चपला शोधायचा. मी समजदार नव्हते, म्हणून त्यांच्याकडे टिकले.

पाटणकर बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या वर त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, आणि खोली म्हणजे रजया. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना घरच्या जुन्या रजया खिळ्यांनी ठोकलेल्या. आता ग्वाल्हेरची थंडी ज्याने खाल्ली आहे त्याला पुढचं सांगायला नको. जानेवारीत पाहुणे आले की काकू वर यायच्या, भिंतीवरच्या दोन रजया उतरवून न्यायच्या, आणि पाहुणे जाईपर्यंत खोली घुमायची. काका गिऱ्हाइकाला अगदी शांतपणे सांगायचे, "सध्या घरी पाहुणे आहेत, रेकॉर्डिंग होणार नाही." गिऱ्हाईक बिचारं विचार करत जिना उतरायचं. उन्हाळ्यात ह्याच्या उलट. कूलर बंद, पंखा बंद, गाणारा घामाने निथळतोय, आणि त्याने रुमाल काढला तरी काका ओरडायचे, "चूप! टेक चालू आहे!" खाली दुकानात हंडा आपटला तरी तेच. काकूंनी जेवायला हाक मारली तरी तेच. काकू तेवढ्या ऐकायच्या. हंड्यावर परिणाम झालेला मी कधी पाहिला नाही.

मी शाळेत संगीत शिकवते, किला गेटला राहते. काकांकडे पहिल्यांदा गेले ती शाळेच्या वार्षिक समारंभाचं गाणं घेऊन. गाणं मी घरीच लॅपटॉपवर रचलं होतं, पोरींचा कोरसही भरला होता, फक्त शेवटचा हात फिरवायला चांगला माणूस हवा होता. माझा लॅपटॉप खिडक्यांवाला, चारचौघांकडे असतो तसा. काकांचा कॉम्प्युटर पेंग्विनवाला. म्हणजे ती जी सिस्टीम फुकट मिळते आणि जिची भक्त मंडळी तुम्हाला लग्नात गाठून तिच्याबद्दल सांगतात, ती. काकांनी ती तत्त्वासाठी घेतली होती. बाजारात चोरीची सॉफ्टवेअरं तेव्हा फुटाण्यासारखी मिळायची. काका म्हणायचे, "चोरीच्या पेटीवर भजन वाजवायचं नाही." मग विकत का नाही घेत? "आणि पेटीवाल्याला दर वर्षी सलाम ठोकायला जाऊ?" असं म्हटल्यावर फुकटचंच राहतं.

गाणं रचायचा प्रोग्राम आम्हा दोघांकडे एकच होता, म्हणून मी निर्धास्त होते. पेनड्राइव्ह लावला, प्रोजेक्ट उघडला, आणि पडद्यावर नुसत्या रिकाम्या पट्ट्या! कोरस गायब, पेटी गायब, मी हौसेने लावलेल्या इफेक्टांच्या जागी लाल फुल्या. ट्रॅकना मी देवनागरीत नावं दिली होती, त्यांचे चौकोन झालेले. मला रडूच यायचं बाकी होतं.

"प्रोजेक्ट म्हणजे जावई असतो," काका म्हणाले. "स्वतःच्या घरी एकदम सरळ. दुसऱ्याच्या घरी गेला की रुसतो. माझी उशी कुठे, माझा पाट कुठे. हा बघ, तुझ्या घरच्या कपाटाचा पत्ता विचारून राहिलाय. ते कपाट मी कुठून आणू?"

"मग आता काय करायचं, काका?"

"सुकं आण. प्रवासाला कोणी रस्सा देतं का? दशम्या देतात. तुझे ते घुमवणं-बिमवणं सगळं काढ. एकेक ट्रॅक वेगळा, साधी आवाजाची फाईल, आणि सगळ्या एका जागेपासून सुरू. मग ती पेंग्विनकडे जाऊ दे की हत्तीकडे, रांगेत ठेवली की गाणं उभं राहतं."

मी उठले. काका म्हणाले, "बस न. अजून ओळख राहिली."

ही ओळख म्हणजे काकांचा खास शोध. प्रत्येक ट्रॅकच्या तोंडाशी, गाणं सुरू व्हायच्या आधी, माणसाने बोलून ठेवायचं की हे कोण आहे आणि सूर कोणता. "नावाचे चौकोन होतात, बोललेल्याचे होत नाहीत," असा त्यांचा सिद्धांत. मी घरी जाऊन मुकाट्याने सगळं पुन्हा केलं. "ही पेटी. सा काळी एक." "ह्या सहावी ब च्या मुली." नवरा दारातून बघत होता. दुसऱ्या दिवशी काकांच्या मशीनवर गाणं पहिल्या झटक्यात उभं राहिलं आणि मी त्यांची कायमची शिष्या झाले. माझा राग मात्र पुढे बरेच दिवस होता.

ओळख बोलून झाल्यावर शेवटी ती कापायची असते. एकदा काका कापायला विसरले. नगरसेवकाच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका सद्गृहस्थांचं प्रचारगीत होतं. ते भोंग्यावर लावून ऑटो सबंध बिर्ला नगरभर फिरला, आणि प्रत्येक फेरीत गाण्याच्या आधी काकांचा गंभीर आवाज, मराठीत: "हा ढोलक. जरा सैल आहे." हिंदी वस्ती. लोकांना वाटलं उमेदवाराविषयीच काही सांगून राहिले आहेत. तो पडला. त्याची माणसं जिना चढून आली, "भाईसाहब, ये क्या बोल रखा है आपने?" काकांनी चष्मा पुसला. "ढोलक ढीला था. मैंने तो पहले ही बता दिया था." कचोऱ्या मागवून मी प्रकरण मिटवलं.

ही झाली गंमत. आता चिरंजीवांकडे येते.

काकांचा मुलगा ह्याच रजयांत वाढला आणि मोठा झाल्यावर पुण्याला जाऊन जाहिरातींच्या संगीताचं काम करायला लागला. पहिल्या पगारवाढीला त्याने सफरचंदवाला कॉम्प्युटर घेतला आणि कौतुकाने बापाला दाखवायला ग्वाल्हेरला आणला. त्या दिवशी मी तिथेच होते. काकांनी त्या चकचकीत यंत्राकडे सून पसंत नसल्यासारखं पाहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं सगळं जुगाड आहे. रजया, पेंग्विन, ती ओळख. जमाना कुठे गेला!" काका 'आपण'वर आले. "आपण आपलं सफरचंद घ्या आणि निघा. ते घेऊन ह्या घरात पाऊल टाकायचं नाही." मुलगाही त्यांचाच. निघाला.

मग बापलेकांचं बोलणं बंद. फोन काकूंच्या नावाचा. काका शेजारी बसून पेपर वाचायचे, पानं न उलटता. पण काम बंद झालं नाही, आणि खरी मजा ही. पुण्याच्या कामाला ग्वाल्हेरचा तबला, सारंगी, कुठे एखादा भजनी गळा लागायचा. मुलगा तो बापाकडूनच मागवायचा, माझ्यामार्फत. काका नियमाने सुकं पाठवायचे, ओळख घालून. आणि हळूहळू ती ओळख लांबायला लागली. "हा तबला. सा काळी एक. इकडे थंडी पडली आहे." "ही सारंगी. म्हातारे उस्ताद बसून वाजवतात, खुर्चीचा आवाज येतो. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, डॉक्टर काळजी नाही म्हणाले." एकदा तर, "हा ढोलक. तुझ्या बेडई-पुरीवाल्याने दुकान हलवलं. तू विचारशील म्हणून सांगतो." पत्ता सोडून पत्र पूर्ण! मी मुद्दाम दुसरीकडे बघत बसायचे.

आणि तिकडचं मला माहीत होतं. मुलगा एकदा फोनवर हसत म्हणाला होता, "ताई, बाबांना सांगा न, ते सुरुवातीचं बोलू नका. मी न ऐकताच कापतो. उगाच झंझट." मी काकांना सांगितलं नाही. कोण सांगणार? मी काय, तुम्ही सांगितलं असतं?

ह्या सगळ्यात काकू कुठे होत्या? मधोमध. ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात मराठी लग्न आणि काकूंच्या मंगलाष्टका नाहीत असं होत नसे. काळी चारचा खणखणीत गळा, माईक नको, भटजींना नुसतं 'सावधान' म्हणायला ठेवायच्या. दुसऱ्यांच्या लेकींना एवढं वाजतगाजत बोहल्यावर चढवलं, आता स्वतःच्या लेकीचं ठरलं. नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नानंतर, इथेच. आणि ठरलं त्याच आठवड्यात काकूंच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ऑपरेशन करायलाच हवं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जिवाला धोका नाही, पण गळ्याचं सांगता येत नाही. बोलणं येईल. गाणं कदाचित नाही येणार.

काकू म्हणाल्या, "मग आधी गाऊन ठेवते."

त्या दिवशी पंखा बंद, खिडक्या बंद, कपाटातल्या उरलेल्या रजयाही दाराला लावलेल्या. काकांनी खालच्या भांडीवाल्याला हात जोडले होते. तंबोरा मी धरला. काकू उभ्या राहून गायल्या, कारण लग्नात उभ्यानेच गातात. लेकीसाठी त्यांनी स्वतः रचलेलं एक कडवं होतं, त्यात वरचा सा लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काका 'चूप' म्हणाले नाहीत. म्हणायला कोणी हललंच नव्हतं. मग आम्हा दोघींना बाहेर बसवून काकांनी आत एकट्याने ओळख भरली. फाईली सुक्या करून पुण्याला गेल्या. शेवटचा हात चिरंजीवांनी फिरवायचा, हे काकूंनी ठरवलं होतं, त्यामुळे काकांचं काही चाललं नाही.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, काकूंचा आवाज घोगरा झाला, कुजबुजण्याइतकाच उरला. आणि नवरात्रात स्टुडिओच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर उडाला, त्यात काकांची डिस्क जळाली. दुसरी प्रत? जगाला फाईल कशी पाठवायची हे शिकवणारा हा माणूस स्वतः दुसरी प्रत ठेवत नसे. "दोन घरी गेलेली फाईल मरत नाही," म्हणायचे. म्हणजे काकूंचा गळा आता एकाच घरी उरला होता, पुण्याला.

दिवाळीच्या आत पुण्याहून तयार मंगलाष्टका आल्या. माझ्या फोनवर. आम्ही तिघं रजयांच्या खोलीत ऐकायला बसलो.

सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणं लागावं तसं ते वाजलं. काकूच, पण जड, ओढत ओढत, वरचा सा कुठेतरी खालीच बसलेला. काकूंनी गळ्याला हात लावला. "मी अशी गायले?" असं कुजबुजल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गाठीने आधीच आवाज खाल्ला होता, आणि त्या दिवशी आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं त्यांना वाटलं. मी मुलाला फोन लावला तर तोही दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, मला पण वाटलंच. आजारी होती न ती. मला वाटलं तुम्ही तंबोरा पण तिच्यासाठी उतरवून घेतला. मी जितकं सजवता येईल तितकं सजवलं."

"तंबोरा उतरवला?" मी म्हटलं. "मी लावला होता तो, काळी चार!"

काका एव्हाना पेटी ओढून बसले होते. फोन पुन्हा वाजवायला लावला, काकूंच्या सा वर काळी चार दाबली, जुळली नाही. खालची पांढरी दाबली, सूर तिच्याही खाली. तिच्या खालची काळी दाबली, तर तो तिच्या वर. पुन्हा पांढरी, पुन्हा काळी. मग त्यांचा चेहराच बदलला.

"हा सूर पेटीत नाही," काका म्हणाले. "दोन पट्ट्यांच्या फटीत आहे. माणूस आजारी पडला तर सूर उतरतो. तंबोरा पण बरोब्बर त्याच फटीत उतरतो? त्याला पण गाठ झाली होती काय?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. आवाज साठवताना मशीन त्याचे सेकंदाला हजारो तुकडे करतं. काकांचं मशीन जास्त करायचं, पुण्याचं कमी. तिकडच्या मशीनने काकांचे तुकडे आपल्याच मापाने मोजून वाजवले, म्हणून सगळं लांबलं आणि खाली बसलं. एरवी फाईल घेताना मापं जुळवायची एक खूण करतात, ती ह्या वेळी राहिली होती, बस्स. गळा शाबूत होता.

काकू मात्र मान हलवेनात. त्यांना वाटलं आम्ही समजूत काढून राहिलो आहोत. काका म्हणाले, "अगं, सोपं आहे. माझा तर आवाज त्या दिवशी ठणठणीत होता न? चिरंजीवांना विचार, ओळखीत मी कसा ऐकू येतोय. मी पण रेड्यासारखा ऐकू येत असेन तर मशीनची चूक." आणि माझ्याकडे वळले. "विचार न. त्याने ऐकलीच असेल. तेव्हाच कसं लक्षात नाही आलं गाढवाच्या?"

मी म्हटलं, "काका, तो ओळख ऐकत नाही. कापतो. पहिल्यापासून."

काकांनी पेटीचा भाता बंद केला. भिंतीवरची एक रजई खिळ्यावरून जरा सुटली होती, उठून ती नीट केली. बराच वेळ ती नीटच होत होती.

"कापणारच," भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "नको असेल ते कापायचं, हे मीच शिकवलंय." आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

मी परत फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, "ऐक, आईच्या ट्रॅकचं तू कापलेलं तोंड आहे न अजून? परत जोड आणि वाजव. आत्ता." तो कुरकुरला, मग माऊस टिकटिकला. आणि फोनमधून एक राक्षस बोलायला लागला, सावकाश, पाताळातून: "हाऽऽ... गळाऽऽ... तुझ्याऽऽ..."

काकू घोगऱ्या आवाजात फस्सकन हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. "हे कोण?" म्हणाल्या. मुलगाही हसला, आणि मग त्याने तिकडचा स्पीकर बंद करून हेडफोन लावले. ओळखीत पुढे काय होतं ते आम्हाला ऐकू आलं नाही. फोन चालूच होता. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. शेवटी म्हणाला, "ताई, जुन्या सगळ्या फाईली आहेत माझ्याकडे. सगळ्यांची तोंडं आहेत." आणि ठेवून दिला.

नीट केलेल्या मंगलाष्टका काही आल्या नाहीत. विचारलं की, "मी घेऊनच येतो." काकूंचा जीव टांगणीला. काका दिवसातून दहादा मला म्हणायचे, "आपल्या फोनवर काही आलं असल्यास सांगण्याची कृपा करावी."

लग्नाच्या दिवशी मुलगा पहाटेच्या गाडीने उतरून सरळ कार्यालयात आला आणि मंडपातल्या स्पीकरवाल्याशी बोलत उभा राहिला, बगलेत तेच चकचकीत यंत्र. काका समोरून दोनदा गेले, दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही. मुहूर्त झाला. अंतरपाट धरला, मामा मुलीच्या मागे उभा राहिला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. भटजींनी मुलाकडे बघून मान डोलावली. काकू माझा हात घट्ट धरून होत्या.

आणि सबंध मंडपात काकांचा आवाज घुमला. राक्षसाचा नाही, अगदी त्यांचा, ठणठणीत:

"हा गळा. तुझ्या आईचा. सा काळी चार. परत मिळणार नाही, जपून वापर. बहिणीच्या लग्नाला वेळेवर ये. सफरचंद घेऊन आलास तरी चालेल."

लोक चमकले, मग हसले. भटजी अक्षतांची मूठ वर धरून तसेच उभे. काका लालबुंद होऊन गर्दीतून वाट काढत मुलापर्यंत गेले. मुलाने मुद्दाम ठेवलंय हे सगळ्या मांडवाला कळलं होतं, त्यांना सोडून.

"अरे, हे कापायचं असतं!" काका ओरडले. "एवढं शिकवलं तुला..."

तेवढ्यात काकूंचा पहिला सूर लागला. काळी चार, खणखणीत. मुलाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला,

"चूप, बाबा. टेक चालू आहे."